सातवी ओटी

गुरुग्राम, ३ जून

चि. मैत्रेयी,

कोरड्या हातांनी आशीर्वाद.

पहाडगंजच्या शाळेत असताना मागच्या यार्डात मालगाडीचे डबे जोडायचे. एक डबा दुसऱ्यावर आदळायचा, दुसरा तिसऱ्यावर, आणि तो ठण् ठण् ठण् आवाज लांब पळत सदर बाजाराकडे विरून जायचा. वर्गात कविता चालू असली तर सूर्यकांत गुरुजी हात वर करून आम्हाला ओळीच्या मध्यावर थांबवायचे. डबे शांत झाले की हात खाली, आणि आम्ही सोडलेल्या शब्दापासून पुढे. तो आवाज परत कानात बसलाय. घरात सध्या तसंच चाललंय. हात वर आहे, आणि आम्ही सगळे तोंड उघडं ठेवून थांबलोय.

तू कुठे आहेस ते मला ठाऊक आहे, कारण मी पाहिलं. तू फोन चार्जिंगला ठेवून गेलीस तेव्हाच मला वाटलं, ही तिकडेच गेली असणार. मेट्रोच्या यलो लाइननं सिव्हिल लाइन्सपर्यंत आलो, पुढे ई-रिक्षा. हिंदूराव हॉस्पिटलच्या टेकडीच्या मागच्या उतारावर, दिल्लीच्या रिजवरच्या झाडीत, आपली ती जुनी पायऱ्यांची बावडी. सगळ्यात खालच्या पायरीवर तू पाण्यात पाय सोडून बसली होतीस. एका बाजूला तिघी, दुसऱ्या बाजूला तिघी. माझ्याकडे बघून हात हलवलास, शाळेच्या बसमधून हलवायचीस तसा. मग तुम्ही सातहीजणी पाण्यात उतरलात. पाणी जेमतेम गुडघाभर. तरी कुणी दिसेना.

हे मी घरी सांगितलं. तुझा पप्पा म्हणाला, "बाबा, प्लीज." बाकी काही नाही. माझा यतीन लहानपणापासून असाच, संकट आलं की आवाज बंद करतो.

पोलीस ठाण्यातही सांगितलं. तिथले साहेब आधी यतीनला विचारत होते. "बेटी का किसी से चक्कर?" "नहीं जी." "घर में डाँटा था?" "नहीं." "रिज़ल्ट ख़राब?" "अच्छा आया, सर. बहुत अच्छा." "तो फिर दिक्कत क्या थी?" मी म्हटलं, "साहब, वो बावली में है. सात बहनों के साथ." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि यतीनला विचारलं, "अंकल जी की दवाई टाइम से चल रही है ना?"

तरी माणसं पाठवली त्यांनी. बांबूंनी तळ ढवळला. गाळ निघाला, कुरकुऱ्यांची पाकिटं निघाली, तुझी एक चप्पल निघाली. तू नाहीस. बुडण्याइतकं पाणीच नाही म्हणून त्यांनी बावडीचा विषय सोडला. आता तुझा फोटो स्टेशनांवर लावलाय.

तुझी आई अजून रोज तुझं ते सोया मिल्क मागवते. फ्रिजमध्ये खोके रांगेनं उभे आहेत. कुणी उघडत नाही, कुणी काढतही नाही.

पेन्सिलनं लिहितोय, शाई पाण्यात फुटेल म्हणून.

चौदाव्या मजल्यावरचा,
तुझा आबा


१२ जून

चि. मैत्रेयी,

पहिलं पत्र पाण्यावर सोडलं. थोडा वेळ तरंगलं, मग एका कोपऱ्यानं खाली गेलं, कुणीतरी पदराला धरून ओढावं तसं. म्हणून हे दुसरं लिहितो.

तिथे आठवणी किती टिकतात कोण जाणे. काय झालं ते लिहून ठेवलेलं बरं. विसरलीस तर वाच.

माझी आई सांगायची की ग्वाल्हेरकडून जी आपली माणसं इथे दिल्लीत आली, त्यांच्या बायकांनी त्या बावडीत साती आसरा मांडल्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. जिथे पाणी तिथे त्या, आणि त्या आहेत तोवर पाणी. खालच्या पायरीवर शेंदूर लावलेले सात दगड, एवढंच त्यांचं देऊळ. खरंखोटं मला माहीत नाही. पण वैशाखात पाणी तळाला गेलं की आई एका शुक्रवारी जायची, दहीभात आणि सात ओट्या घेऊन. तिच्यानंतर तुझी आजी. सुनंदानं ते एकदाही चुकवलं नाही, सरकारी क्वार्टर सोडून आपण गुरुग्रामला आलो तरी.

यंदा जानेवारीत सुनंदा गेली. ते तुला आठवत असेल. तू तेरा दिवस तिच्या कपाटापुढे बसून होतीस, आणि त्यानंतर एकदाही तिचं नाव घेतलं नाहीस. हसायचीस, जेवायचीस, क्लासला जायचीस. कुणी काही विचारलं की "मी ठीक आहे, यार." तुझ्या आईला, संपदाला वाटलं मुलगी सावरली. मला वाटलं, माझ्यासारखीच झाली. मला अजून रडू येत नाही. तिसरीतल्या, पाचवीतल्या सगळ्या कविता आठवतात, ओळीमागून ओळ. पूर्वी एखाद्या ओळीला गळा दाटायचा. आता नुसत्या ओळी येतात, मेट्रोच्या घोषणेसारख्या.

वैशाखात संपदा आपणहून म्हणाली, "बाबा, आईंचं ते बावडीचं मी करते या वर्षी. सुट्टी टाकलीय." पुण्याची मुलगी, ऑफिसात माणसं सांभाळते, आसरा-बिसरा तिला माहीत नव्हत्या. पण सासूचं मोडू नये म्हणून तिनं सगळं नीट आणलं. सात खण, सात नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. मी गुडघ्यांमुळे वरच्या पायरीवरच बसलो. तुम्ही दोघी खाली उतरलात.

खाली दगड सहाच होते.

संपदानं सहा ओट्या मांडल्या. सातवी तिच्या हातात राहिली. तिनं इकडेतिकडे पाहिलं. ओटीचं सामान परत घरी नेऊ नये, एवढं तिला माहीत होतं. आणि आपल्याकडे असं काही उरलं की काय करतात? जवळ असेल त्या कुमारिकेच्या ओटीत घालतात. कुठलीही बाई हेच करती. ती म्हणाली, "मैत्रेयी, ये, ओढणी पसर." तू हसलीस. "मम्मा, मी काय देवी आहे का?" आणि ओढणी पसरलीस. तुला कुंकू लावलं, बांगड्या घातल्या, खण-नारळ तुझ्या पदरात पडला.

सुनंदा असती तर तिनं गाळाचा एक गोळा करून सातव्या जागी ठेवला असता. ती एकदा असं करताना मी पाहिलंय. पण ती नव्हती, आणि मी वरून काही म्हणेपर्यंत तुझा पदर भरला होता. सातव्या जागेची ओटी. ज्या पदरात पडली, ती सातवी.

त्या दिवसानंतर तुझे केस वाळेनात. पंचेचाळीस डिग्रीत तू बाल्कनीत बसायचीस आणि म्हणायचीस, "गार आहे ना छान?" टँकर आले नाहीत तेव्हा सगळ्या टॉवरचे नळ कोरडे पडले, आपला तेवढा वाहत होता. तुझ्या आईनं हे एकमेकांना जोडलेलं नाही. मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ती सकाळी उठते, दात घासते, लॅपटॉप उघडते. त्या बाईला मी म्हणू, तुझ्या हातानं गेली?

तुझा,
आबा


२५ जून

चि. मैत्रेयी,

तू मला पाहिलंस, मी तुला पाहिलं. तरी लिहितो, कारण काल तू जशी बोललीस त्यानं मी जरा घाबरलोय. घाबरलोय म्हणजे, घाबरायला हवं एवढं कळतंय.

खालच्या पायरीपर्यंत उतरायला मला फार वेळ लागला. बसलो. दुपारची वेळ, वर झाडीत मोर ओरडत होते. पाणी वाढलंय, आता मांडीभर तरी असेल. पाण्याला हाक मारायची कशी ते कळेना, म्हणून मी शाळेतल्यासारखं तालावर म्हणायला लागलो, लगागा लगागा लगागा लगागा. भुजंगप्रयात. पाण्याला हे वृत्त आवडेल असं उगाच वाटलं.

"पुरे रे," कुणीतरी म्हणालं.

थोरली होती. वय तुझ्याएवढंच दिसतं, डोळे मात्र फार जुने. नऊवारीचा रंग शेवाळाचा. कमरेपर्यंत पाण्याबाहेर आली आणि कोपर पायरीवर टेकून बसली, फाटकाशी गप्पा मारायला उभी राहिल्यासारखी.

"कागद टाकणारा तूच ना?"

"हो. तिचा आजोबा."

"बरं. बस. पाय पाण्यात सोडू नकोस, तुझा उपयोग नाही."

मी हात जोडले. म्हटलं, "बाई, आमची मुलगी परत द्या."

"आम्ही ओढली का तिला? हात धरला का? कुंकू लावून, बांगड्या भरून, ओटीत नारळ घालून पाठवलीत. आता परत मागता? तुमच्यात घेतात का दिलेली ओटी परत?"

"नाही."

"मग?"

मी विचारलं, "तुमची सातवी कुठे गेली?"

"धाकटी? एका उन्हाळ्यात आटली." दूध संपलं म्हणावं तसं म्हणाली. "सहाजणींच्यानं पाणी धरवत नाही. आता धरतंय. बघतोयस ना."

मग तिनं मागे वळून हाक मारली आणि तू वर आलीस. हातात बांगड्या तशाच. चेहरा शांत. फार शांत.

"आबा, गुडघे दुखत असतील ना? कशाला आलात?"

"तुला न्यायला."

"इथे छान आहे. काही दुखत नाही. कुणी विचारत नाही, पुढे काय करणार."

"आई वाट बघते."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. बराच वेळ. मग म्हणालीस, "आई... अच्छा, मम्मा."

हा जो मधला वेळ लागला तुला, त्याबद्दल मी घरी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईचं नाव संपदा. पप्पाचं यतीन. भावाचं आशय, तुझ्याहून चार वर्षांनी मोठा, बंगळुरूला असतो, तू त्याला दादा म्हणत नाहीस, नावानं हाक मारतेस आणि त्याला ते आवडतं. आजीचं सुनंदा. तिला लसणाची चटणी तुझ्याइतकी कुणी वाटून दिली नाही. हे सगळं रोज एकदा वाच. कविता पाठ करतात तसं. अर्थ लागला नाही तरी चालेल, पाठ असू दे.

तुझा,
आबा


१० जुलै

चि. मैत्रेयी,

घरची हकीकत.

आपल्या नळाला पाणी येतं हे सोसायटीला कळलं. ग्रुपवर तुफान चर्चा. 'चौदाशे तीनवाल्यांनी चोरून मोटर बसवली आहे.' सेक्रेटरी दोन माणसं घेऊन आले, सिंकखाली बॅटरी मारून पाहिली, बाथरूममधली फरशी ठोकून पाहिली. शेवटी म्हणाले, "जोशीली पाइपलाइन है जी आपकी." तुझा पप्पा दुसऱ्या खोलीत कॉलवर होता, व्हिडिओ बंद ठेवून. बाहेर आलाच नाही. संपदानं त्यांना चहा केला, आणि तेव्हापासून शेजारच्या बायका बादल्या घेऊन येतात. ती भरून देते. नळाखाली हात धरून उभी राहते बराच वेळ. बादली भरून वाहते तरी तिला कळत नाही.

आशय आलाय, इथूनच काम करतो. पहिल्या आठवड्यात त्यानं तुझ्या फोटोचे किती पोस्टर छापले, किती ठिकाणी फिरला. आता दमलाय. काल माझ्यावर चिडला.

"आबा, तुम्ही मेट्रोतून दोन-दोन तास जाऊन पाण्यात कागद टाकता. ते लिटरिंग आहे, माहितीये?"

"असेल."

"आणि ही आसरांची स्टोरी मम्मासमोर नको. ती ऑलरेडी..."

"तिच्यासमोर मी बोलत नाही."

"मग माझ्यासमोर पण नको." जरा थांबला. "कशी दिसत होती?"

"कोण?"

"तीच. तुमच्या स्टोरीत."

मी म्हटलं, "ठीक दिसत होती. केस ओले."

तो उठून गेला. थोड्या वेळानं तुझ्या खोलीतून ड्रायरचा आवाज आला. कशासाठी चालू केला होता देव जाणे. मी विचारलं नाही. आमच्याकडे सध्या कुणी कुणाला काही विचारत नाही. तुझ्या बावडीत आणि या फ्लॅटमध्ये तेवढं सारखं आहे.

तुझा,
आबा


२२ जुलै

चि. मैत्रेयी,

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी संपदा माझ्या खोलीत आली. माझ्या हातात पेन्सिल. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "बाबा, ती ओटी मी भरली."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"मला माहीत आहे तुम्ही का बोलत नाही. सहा दगड होते. सातवी ओटी तिच्या पदरात गेली. दुसऱ्याच दिवशी तिची उशी ओली चिंब होती, मी बदलली. रोज बदलत होते. मी काय बावळट आहे का?"

"संपदा..."

"नाही, ऐका. मी आईंच्या बहिणीला सुखदामावशींना फोन केला, नागपूरला. त्या म्हणाल्या, दिलेली ओटी परत मागायची नाही. मागितली तर मुलगी दोन्हीकडची राहत नाही. म्हणून मी तिथे जाऊन रडले नाही, भीक मागितली नाही. तुम्ही मागितलीत का?"

"एकदा."

"दिली?"

"नाही."

तिनं मान हलवली, मीटिंगमध्ये एखादा मुद्दा निकालात निघावा तशी. हात मांडीवर, एकावर एक. चेहऱ्यावर काहीच नाही. मग म्हणाली, "पण बाबा, कुंकू लावून, ओटी भरून पाठवलेली मुलगी आहे ती. अशी मुलगी पंचमीला माहेरी येते. तिला परत मागायचं नसतं. आणायला जायचं असतं. मग त्यांना नाही कसं म्हणता येईल?"

मैत्रेयी, आयुष्यभर मी श्रावणातल्या कविता म्हटल्या. झोके, फुगड्या, वाटेकडे डोळे लावून बसलेल्या सासुरवाशिणी. वर्गात चालीवर म्हणताना माझे डोळे भरायचे. आणि हे मला सुचलं नाही. तिला सुचलं, जिला त्यातली एक कविता येत नाही.

आणायला जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. तुला हा शब्द माहीत नसणार. बहुतेक वेळा भाऊच जातो. आईनं जायचं नसतं, आजोबाही चालत नाहीत. आशयला बोलावलं. संपदानं त्याला सगळं सांगितलं, न थांबता, न रडता. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

"म्हणजे मी तिथे जाऊन काय बोलायचं? एक्सक्यूज मी, माझी बहीण आहे का?"

"म्हणायचं, मुऱ्हाळी आलोय, पंचमीला बहिणीला पाठवा."

"मम्मा, तू पण?"

"मी पण."

यतीन मागे येऊन उभा राहिला होता. मला वाटलं आता 'प्लीज' म्हणेल. तो म्हणाला, "आशय, जा. मी ऑफिसला सांगतो की... काय सांगू?"

आशय खाली बघत होता. "जातो," म्हणाला. "तसंही काय उरलंय करायचं."

पण नीट जाईल ना, असं मला वाटत राहिलं. असा अविश्वास घेऊन गेलेल्या मुऱ्हाळ्याला पाणी दाद देईल का? आणि तूच 'इथे छान आहे' म्हणालीस तर? रीत त्यांना बांधते, तुला नाही. हे मात्र मी कुणाला बोललो नाही.

तुझा,
आबा


२९ जुलै, नागपंचमी

चि. मैत्रेयी,

आशय सकाळीच निघाला. पाठीवर तुझी शाळेची बॅग. तिच्यात कोरडा कुर्ता, टॉवेल, कंगवा, तुझे क्रॉक्स. मी म्हटलं, मुऱ्हाळी हात हलवत जात नाही, काहीतरी खायचं ने. त्यानं तुझ्या आवडीची बिस्किटं घेतली. दारात वळून म्हणाला, "आबा, तुमचं ते लगागा पण म्हणायचं का?" चिडवत होता की खरंच विचारत होता, कळलं नाही. मी म्हटलं, "नको. तिला आवडलं नव्हतं."

आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून संपदा पुरणाचे दिंड उकडते आहे, फोनवर बघून. पहिले सगळे फुटले. दुसऱ्या खेपेचे बरे आहेत. यतीननं आज सुट्टी घेतली आहे आणि आता काय करावं ते त्याला समजत नाहीये. तो सारखा लिफ्टपर्यंत जाऊन येतो.

मी खिडकीशी बसून हे लिहितोय. बारा वाजून गेले. आशय फोन उचलत नाही. बावडीत रेंज नसते, हे मी सगळ्यांना सांगितलंय.

*

त्याच दिवशी, संध्याकाळ

दुपारी इंटरकॉम वाजला. यतीननं उचलला. खालचा गार्ड बोलत होता, नवीन मुलगा, तुला न ओळखणारा. "सर, आशय भैया आए हैं. साथ में एक मैडम हैं, पूरी भीगी हुई. एंट्री में नाम क्या लिखूँ? वो बता नहीं रहीं."

यतीन एकदम ओरडला, "मैत्रेयी लिखो! मैत्रेयी लिखो, भाई, आने दो!"

संपदा आधीच उठली होती. तिनं कालच्या भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला, तांब्यात पाणी घेतलं. तांब्याला बोट लावून पाहिलं आणि ते ओतून टाकून गिझरचं कोमट घेतलं. एवढी भिजून येणार, गार कशाला, असं स्वतःशीच म्हणाली.

लिफ्ट उघडल्याचा आवाज आला. आशय पुढे, कमरेपर्यंत भिजलेला, शर्टला शेवाळ. डोळे लाल. मला वाटलं हसेल, पण तो हसला नाही.

"भेटली," तो म्हणाला. "मम्मा, ती भेटली. मी म्हटलं मुऱ्हाळी आलोय, तर भांडली माझ्याशी. म्हणे, एवढ्या उशिरा का आलास? म्हणे, क्रॉक्स कशाला आणलेस, पांढरे शूज आणायचे ना, काही कळतं का तुला. असं भांडली, एकदम आधीसारखी. नाव घेऊन. तुझं, आजीचं, सगळ्यांची नावं घेतली."

"मग कुठे आहे?" संपदा म्हणाली.

"त्या म्हणाल्या, जायला हरकत नाही, पाठवणीची रीत आहे. पण एका पंचमीला एकीनंच जायचं, नाहीतर पाणी उतरतं. पाचव्या दिवशी मी नेऊन पोचवायचं." आशयनं मनगटानं नाक पुसलं. "मग मैत्रेयीनं बॅग घेतली. घेतली आणि दुसरीला दिली. म्हणाली, मी तर आत्ता आले. माझ्या आधी सहाजणी आहेत. यांना आजवर एकदाही कुणी न्यायला आलेलं नाही, आशय. एकदाही नाही. मी शेवटी येईन. मी खूप म्हटलं मम्मा, मी ओढलं पण तिला हाताला धरून. ऐकेचना."

तो बाजूला झाला.

त्याच्या मागे थोरली उभी होती. तीच, जिनं मला बावडीत 'पुरे रे' म्हटलं होतं. तुझी बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. नऊवारीच्या काठातून पाणी गळत होतं, आणि तिच्यापासून लिफ्टपर्यंत ओल्या पावलांची रांग. तिथे किती ठसक्यात बोलत होती. इथे उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभी. आपल्या दारावरचं तोरण, आतला सोफा, ताटलीतला तुकडा, सगळं ती एकेक करून बघत होती. पाय पुढे टाकत नव्हती.

संपदा तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिली, लिफ्टकडे. लिफ्टचं दार मिटलं. आकडे खाली खाली गेले. यतीन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

किती वर्षांनी तुझा नंबर लागेल याचा हिशेब मी केला नाही. माझं वय मला माहीत आहे.

"हे तिच्यासाठी मांडलंय," थोरली शेवटी म्हणाली. आवाज एवढासा. "मी परत जाते हवं तर. मला नुसतं घर बघायचं होतं."

तुझ्या आईच्या गळ्यातून काहीतरी निघालं, मी कधी न ऐकलेलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी धो धो वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. तशीच ती खाली वाकली. तुकडा ओवाळून टाकला, तांब्या कलता केला आणि त्या हिरवट, सुरकुतलेल्या पावलांवर सगळं पाणी ओतलं.

थोरली दचकली. पाय मागे घेतला, मग हळूच परत पुढे ठेवला.

"अगं बाई," ती म्हणाली, "ऊन आहे."